मृण्मयी ‘येते’ म्हणाली

‘येते,’ असं म्हणून मृण्मयीनं उंबरा ओलांडला, ती पाठमोरी फाटकाकडं चालू लागली, आणि मगदुमांच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या आम्हा बायकांना वाटलं, आता जाहिरात लागणार. लागलीही. आधी साबण आला, मग फ्रीज आला, मग एका गुटगुटीत बाळानं पावडरचा डबा पालथा केला. फडतरेवहिनींनी तेवढ्यात नाक पुसून घेतलं. पावडर संपल्यावर मात्र भलतंच गाणं लागलं आणि सुटाबुटातला एक माणूस येऊन सोमवारपासून सुरू होणाऱ्या नव्या मालिकेचं कौतुक सांगू लागला.

“हा कोण मधेच?” चंपाक्कांनी विचारलं.

“आक्का, संपली,” मी म्हटलं.

“काय संपली?”

“मालिका.”

चंपाक्का माझ्याकडं वळून बघत राहिल्या. “ती परत आल्याबिगर कशी संपेल?” त्या म्हणाल्या. “बाई, तुम्ही शाळेत शिकवता म्हणून काहीही सांगाल होय?”

वीसेक वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होते आणि तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. मगदूम माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. चंपाक्कांचे यजमान कारखान्यात होते, ते वारल्यावर मुलगा सुकुमार तिथंच फिटर म्हणून लागला. घर जैनांचं, त्यामुळं दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं होऊन ओटा धुतलेला असायचा. बाकीच्या घरांत आठ वाजता पोळ्या लाटायची घाई, आणि मगदुमांच्या घरात कशी शांत मोकळीक. म्हणून ‘दारची वेल’ बघायला सगळी कॉलनी त्यांच्याकडं जमायची. कणीक मळून ठेवायची आणि यायचं, असा रिवाजच पडला होता.

मालिकेत मृण्मयी नावाची सून होती. चंपाक्कांच्या जिभेला ते नाव कधी वळलं नाही, त्या तिला मुरमई म्हणायच्या. तिची सासू ताईसाहेब. ही बाई पहिल्या भागापासून झोपाळ्यावर बसली होती ती शेवटपर्यंत उठली नाही. सुनेचा छळ करायचा तोही झोपाळ्यावरूनच. शेवटच्या भागात मृण्मयी बॅग घेऊन निघाली आणि ‘येते’ म्हणाली. एवढ्यावर मालिका संपली.

चंपाक्कांना ते काही पटेना. त्यांनी केबलवाल्या दस्तगीरला बोलावणं धाडलं. तो बिचारा जेवता जेवता उठून आला. उरलेला भाग कुठं ठेवलास, असं चंपाक्कांनी त्याला दरडावून विचारलं. त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं, की भाग त्याच्याकडं नसतात, मुंबईहून जेवढं येतं तेवढंच तो पुढं सोडतो. वायर कुठं तुटली असेल तर बघ, असं म्हणून त्याला त्यांनी छपरावरसुद्धा चढवलं. वरून तो ओरडून म्हणाला, वायर शाबूत आहे, आणि आमच्या घरातही सगळ्या याच प्रश्नावर रडत बसल्यात.

मग भांडण जुंपलं.

चंपाक्कांचं म्हणणं सरळ होतं. मुरमई ‘येते’ म्हणाली, त्या अर्थी ती येणार. दाखवलं नाही तरी येणार. फडतरेवहिनींचं म्हणणं, ‘येते’ हे नुसतं तोंडचं वळण आहे. दूधवालासुद्धा ‘येतो वहिनी’ म्हणून जातो, म्हणून काय तो परत आपल्या घरात येऊन बसतो? सगळे कपडे भरलेली बॅग होती तिच्या हातात. ती गेली ती गेली.

“दूधवाला दुसऱ्या दिवशी येतोच की,” चंपाक्का म्हणाल्या.

“त्याचा रतीब आहे, आक्का. मृण्मयीचा काय रतीब आहे त्या घरात?”

“रतीब नसेल, शब्द आहे ना? येते म्हणणारी बाई येते आणि जाते म्हणणारी जाते. मला ठाऊक आहे.”

हे ‘मला ठाऊक आहे’ ऐकल्यावर सगळ्याजणी आपापल्या पोळ्या आठवून उठल्या. कारण चंपाक्कांची स्वतःची सून, त्रिशला, दिवाळीनंतर माहेरी गेली होती ती संक्रांत तोंडावर आली तरी परतली नव्हती, आणि जाताना ती ‘जाते’ म्हणाली होती.

त्याचं असं झालं. त्रिशला कुरुंदवाडची. हसतमुख, कामाला चटपटीत, पण जीभ जरा मोकळी. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आम्ही सगळ्या मालिका बघत होतो. पडद्यावर ताईसाहेब झोपाळ्यावर बसून एक पाय हलवत होत्या. त्रिशला पाण्याचा तांब्या घेऊन आली, एकदा पडद्याकडं आणि एकदा चंपाक्कांकडं बघितलं, आणि म्हणाली, “बघा तरी, अगदी आमच्या आत्ती. पाय हलवायची तऱ्हासुद्धा तीच.” आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात. आम्ही सगळ्या हसलो. चंपाक्कांचा पाय हलत होता, तो थांबला.

त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी अबोला धरला. बोलायचं ते सुकुमारच्या मार्फत. तुझ्या बायकोला सांग, डाळ खाली लागलीय. तुझ्या बायकोला सांग, दारात मांजर आलंय. सुकुमार तिसऱ्या पाळीला असला की मांजर आत येऊन दूध पिऊन जायचं, पण चंपाक्का तोंड उघडायच्या नाहीत. तशातच त्रिशलाच्या चुलतबहिणीचा साखरपुडा निघाला. ती चार दिवसांसाठी म्हणून दुपारच्या गाडीनं कुरुंदवाडला गेली. संध्याकाळी आम्ही जमलो तेव्हा चंपाक्कांनी एवढंच सांगितलं: “गेली. जाते म्हणाली.”

आमच्याकडं निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. तो शब्द मेलेल्या माणसासाठी राखून ठेवलेला. त्यामुळं त्या दिवशी सगळ्याजणी चंपाक्कांच्या बाजूनं झाल्या. चार दिवस झाले, पंधरा झाले. सुकुमारनं आईला विचारलं, आणायला जाऊ का? चंपाक्का म्हणाल्या, येते म्हणाली असती तर दुसऱ्या दिवशी धाडला असता तुला. जाते म्हणणारीला आणायला जायचं नसतं. तिकडं त्रिशला फोनवर सांगायची, आत्तींनी बोलावलं तरच येईन. सुकुमार माझा विद्यार्थी. तिशी उलटली तरी माझ्या दारात आला की चौकटीला हात लावून उभा राहायचा, चौथीत उभा राहायचा तसाच. “बाई, तुम्ही सांगून बघा की आईला,” एवढंच म्हणायचा. मी दोन-तीनदा विषय काढला. चंपाक्का दर वेळी मला चहा देऊन वाटेला लावायच्या.

मालिका संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. चौथीच्या वर्गावर मी काळ शिकवायला घेतले आणि नेहमीप्रमाणं फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं: ‘मी येते.’ वर्गात खसखस पिकली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की भांडण मुलांपर्यंत पोचलेलं आहे.

फडतऱ्यांची मयूरी उठून म्हणाली, “बाई, हे वाक्य चूक आहे. ती जात होती.”

“मग तिनं काय म्हणायला हवं होतं?”

“जाते.”

अर्ध्या वर्गानं कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, चला, आज व्याकरण राहू दे, हेच शिकू. निघालेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून आपण निघतानाच येण्याचं बोलून ठेवतो. ते खोटं नसतं, आधी बोलून ठेवलेलं असतं. पण नुसतं जाणाऱ्यानं बोलून भागत नाही. घरात राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं असतं. दोघांनी मिळून ती गाठ मारायची. मुलांना नुसतं सांगून कळत नाही, करून बघितलं की कळतं, म्हणून मी एकाला दाराबाहेर जायला सांगितलं. तो ‘येतो’ म्हणाला, वर्ग एका सुरात ‘ये’ म्हणाला, आणि तो परत आला. झालं. मग प्रत्येकाला जायचं होतं. सगळा वर्ग ‘येतो’, ‘येते’ करत व्हरांड्यात, आत ‘ये’ म्हणायला कुणीच उरलं नाही. हेडमास्तर धावत आले. चौथीचा वर्ग शाळा सोडून कुठं निघाला, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर्तमानकाळ चालू आहे.

मुलं जागेवर बसल्यावर मयूरीनं पुन्हा हात वर केला. “बाई, मग त्रिशलाकाकू जाते का म्हणाल्या? त्यांना शिकवलं नव्हतं का कुणी?”

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

घरी आले तर दारातच निरोप. दुपारी मालिकेचा शेवटचा भाग पुन्हा दाखवणार होते, आणि चंपाक्कांनी दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. निकाल मी द्यायचा. आदल्या दिवशीचा भाग दुपारी पुन्हा लागायचा, तो चंपाक्का रोजच बघायच्या, एकट्या, आवाज मोठा करून. संध्याकाळी आम्ही जे बोलण्यात घालवायचो, ते त्या दुपारी भरून काढायच्या. आज मात्र सगळी कॉलनी जमली होती. तीन-चार पुरुषसुद्धा, पेपर वाचतोय असं दाखवत, दाराजवळ बसले होते. कारखान्याच्या भोंग्यानंही आज मधे तोंड घालू नये, अशी तयारी होती. चंपाक्कांनी खिडक्या लावून घेतल्या, आवाज मोठा केला आणि बजावलं, की कुणी चकार शब्द बोलायचा नाही. ज्यांना रडायचं असेल त्यांनी आत्ताच रडून घ्यावं. आदल्या संध्याकाळी सगळ्यात जास्त बोलल्या होत्या त्या स्वतःच. मृण्मयी दाराशी पोचली तेव्हा त्यांनी पडद्याकडं बघून, “अगं, पदर सावर आधी,” असं तिला बजावलं होतं.

या वेळी त्या बोलल्या नाहीत. म्हणून आम्हाला ऐकू आलं.

मृण्मयी दिवाणखान्यात आली. बॅग खाली ठेवली. ताईसाहेबांकडं बघून म्हणाली, “येते.” ताईसाहेब समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. मृण्मयी तशीच उभी. मग उंबऱ्यापाशी जाऊन, मागं वळून, ती पुन्हा म्हणाली, “येते.” कड्या पुन्हा कुरकुरल्या. मग ती गेली.

“दोनदा म्हणाली,” फडतरेवहिनी हळूच म्हणाल्या.

चंपाक्कांनी टीव्ही बंद केला. त्यांचा चेहरा फुलला होता. “तेच तर म्हणतेय मी कालपासून. एकदा नाही, दोनदा म्हणाली. म्हणजे येणारच. काय बाई, द्या निकाल.”

“थांबा, आक्का,” फडतरेवहिनी म्हणाल्या. “दोनदा म्हणाली, पण ये कोण म्हणालं तिला? आमची मयूरी आज शाळेतनं शिकून आलीय. येते म्हटलं की घरच्यांनी ये म्हणायचं, तरच ते लागू होतं. दोनदा थांबली पोरगी. त्या बाईनं तोंड उघडलं नाही. आता कोणत्या तोंडानं येईल ती?”

“ऐकू आलं नसेल ताईसाहेबांना.”

“अहो, समोर उभी होती.”

“असेल समोर. तरी नसेल ऐकू आलं,” चंपाक्का म्हणाल्या. “टीव्ही मोठा होता.”

ताईसाहेबांच्या त्या दिवाणखान्यात झुंबर होतं, भिंतीवर ढाल-तलवारी होत्या, हरणाचं मुंडकं होतं. टीव्ही नव्हता.

फडतरेवहिनींच्या ते सगळ्यांत आधी लक्षात आलं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. तोंडाशी आलेलं वाक्य त्यांनी परत गिळलं, आणि मी त्यांना ओळखत होते तेवढ्या काळात असं पहिल्यांदाच घडलं. दाराजवळच्या पुरुषांना आपण पेपर उलटा धरलाय हेही कळलं नाही. मग एकेक बाई उठली. जी ती जाताना ‘येते हं आक्का’ म्हणाली, आणि चंपाक्का बंद टीव्हीकडं बघत प्रत्येकीला ‘ये’, ‘ये’ म्हणत राहिल्या.

मी बसून राहिले. लावलेल्या खिडक्या एकेक करून उघडत त्या म्हणाल्या, “बाई, उद्या रविवार ना? कुरुंदवाडला जाऊन यावं म्हणते. तुम्ही चला.”

“मी कशाला? सुकुमार येईल की.”

“तो नको. त्याला बघून ती त्याच्यासाठी येईल.” मग त्या म्हणाल्या, “मला बोलणं नाही जमलं तर तुम्ही बोला. तुम्ही एवढ्या पोरांना बोलायला शिकवता.”

रविवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. चंपाक्कांनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि मांडीवर पिशवी घट्ट धरली होती. नृसिंहवाडीच्या पुलावर गाडी आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, पहिलं वाक्य काय बोलू? मी म्हटलं, आक्का, पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी विसरतं. माझी मुलं स्नेहसंमेलनात दर वर्षी विसरतात. पहिला शब्द तेवढा खरा म्हणायचा, पुढचे त्याच्या मागून येतात. त्यांनी मान डोलावली आणि उरलेला रस्ता ओठ हलवत काहीतरी पाठच केलं.

त्रिशलाचं माहेर पेठेच्या मागच्या गल्लीत. पुढं अंगण, अंगणात तिची आई पावट्याच्या शेंगा निवडत बसलेली. आम्हाला बघून ती उठली, पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. सगळं रीतीप्रमाणं झालं, पण ऊब नव्हती. प्रवास कसा झाला, ऊस कसा आहे, थंडी यंदा कमीच, इथपर्यंत बोलणं आलं आणि थांबलं. त्रिशला आतल्या दाराशी येऊन उभी राहिली. हात पिठाचे होते. तिनं चंपाक्कांना वाकून नमस्कार केला आणि परत दाराशी जाऊन उभी राहिली. चंपाक्कांचं पाठ केलेलं वाक्य गाडीतच राहिलं असावं. त्या पिशवीचा बंद सोडत आणि बांधत बसल्या.

शेवटी त्रिशलाच्या आईनंच विषयाला तोंड फोडलं. “परवा शेवटचा भाग बघितलात का ईनबाई?”

“बघितला.”

“मी तर म्हणते, बरं केलं पोरीनं. गेली ते झकास केलं. परत येऊ नये तिनं त्या घरात.”

मी मनात म्हटलं, संपलं. आता चंपाक्का उसळणार, दोन दिवस जे भांडण त्यांनी कॉलनीत लढवलं ते इथं लढवणार, आणि आम्ही दुपारच्या गाडीनं दोघीच परत. पण चंपाक्का म्हणाल्या, “खरं आहे. कशाला येईल? त्या बाईच्या जिभेला काय झालं होतं? ये म्हणायला काय पडतं? एका अक्षराचा शब्द.”

दाराशी त्रिशलानं पिठाचा हात पदराला पुसला. ती हळू आवाजात म्हणाली, “ऐकू आलं नसेल त्यांना, आत्ती. झोपाळा वाजत होता.”

चंपाक्कांनी मान वर केली. “आलं होतं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा आलं होतं ऐकू.”

गल्लीतून एक फटफटी गेली. तिचा आवाज पार पेठेपर्यंत जाऊन विरला. मला एवढ्या वेळानं मयूरीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. दुपारच्या त्या घरात, टीव्हीपुढं बसलेल्या सासूला त्रिशला आधी काय म्हणाली असेल, किती वेळ उभी राहिली असेल, आणि ‘जाते’ हा शब्द तिच्या तोंडून कितव्या खेपेला निघाला असेल, ते आता कुणी सांगायची गरज नव्हती.

“मग आता काय करावं म्हणता त्या ताईसाहेबांनी?” त्रिशलानं विचारलं. आवाज तिनं सरळ ठेवला होता, पण डोळे खाली होते.

“काय करावं? जाऊन आणावं तिला. लेकाला पाठवू नये. झोपाळ्यावरनं उतरून स्वतः जावं.”

“आणि ती आली नाही तर?”

“बसून राहावं तिच्या दारात,” चंपाक्का म्हणाल्या. “दुसरं काम तरी काय आहे त्या बाईला? मालिका तर संपली.”

त्रिशलाच्या आईला हसू आवरेना. ते दाबायला तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग एकदम करड्या आवाजात म्हणाली, “बसून राहायचंच असेल तर रिकामं कशाला? शेंगा सोला.” आणि शेंगांनी भरलेलं सूप तिनं चंपाक्कांच्या पुढ्यात सरकवलं.

चंपाक्कांनी पिशवी बाजूला ठेवली आणि सोलायला सुरुवात केली. विहिणीच्या घरी आल्या आल्या शेंगा सोलायला लावल्या, ही गोष्ट एरवी त्यांनी सात जन्म विसरली नसती. मीही चार शेंगा उचलल्या. थोड्या वेळानं त्रिशला हात धुऊन आली, आमच्या समोर मांडी घालून बसली आणि तिनं त्याच सुपात हात घातला. मला बोलायला आणलं होतं, पण मी एक शब्द बोलले नाही. वर्गात मूल गणित सोडवत असतं तेव्हा बाईनं गप्प राहायचं असतं.

त्रिशलानं सोललेल्या दाण्यांतून दोन-तीन दाणे उचलून उजेडात धरले.

“आत्ती, तुम्ही किडके पण यातच टाकताय,” ती म्हणाली. “दिसत नाही वाटतं तुम्हाला. घरी गेल्यावर आधी तुमचे डोळे दाखवून येऊ मिरजेला.”

‘घरी’ हा शब्द तिच्या आईनंही ऐकला, कारण ती उठून आत गेली आणि डबे उघडल्याचे आवाज यायला लागले.

चंपाक्कांनी सून बघत होती त्या दाण्यांकडं बघितलं. त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. कॉलनीच्या फाटकातून कोण येतंय ते त्या दारातल्या ओट्यावरून ओळखायच्या. त्यांनी सूप जवळ ओढलं, किडका दाणा शोधून काढला, बाजूला टाकला आणि म्हणाल्या, “बरं.”